पुदिन्याचा दहावा डबा

४ ऑक्टोबर
अलेक्झांड्रियात आले आणि पहिल्याच दिवशी खोली मिळाली! औषधाच्या दुकानातली नोकरी शनिवारपासून. घरमालकीण इन्साफखाला सत्तरीच्या, एकट्या, जिभेने तिखट. खाली ट्रामचा थांबा, वर समुद्राचा वारा, आणि गॅलरीत तुपाचे पत्र्याचे नऊ डबे ओळीने. नऊही डब्यांत पुदिना, प्रत्येकावर आधीच्या भाडेकरणीचं नाव रंगवलेलं: झीनत, विदाद, सामिया... दहावा डबा रिकामा. तो म्हणे माझा, त्यावर ‘कौसर’ रंगवायचं.
मी आयुष्यात एकही झाड जगवलेलं नाही. तिकडे गावी, मिन्याला, आमची रतिबाताई तर निवडुंगसुद्धा मारते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. त्यातून मी कशी जगले याचं तिलाच नवल वाटतं.

७ ऑक्टोबर
पहिला धडा. खिळा-हातोडी घेऊन डब्याच्या तळाला मीच भोकं पाडली. आत खापऱ्या, वर माती. झीनतच्या डब्यातली एक काडी खालांनी चहाच्या पेल्यात पाण्यात उभी केली. मुळं फुटली की लावायची.
कंगव्यातले केस कुठे टाकू, विचारलं. आमच्याकडे केस-नखं कचऱ्यात टाकत नाहीत, मातीत पुरतात. पण चौथ्या मजल्यावर माती कुठली? खाला म्हणाल्या, डबा आहे की. मला बाई फार सोयीचं वाटलं.

२५ ऑक्टोबर
काडी धरली! कोवळी पानं आली! मी आनंदाने दिवसातून तीनदा पाणी घालत होते, तर खालांनी कान उपटला: अगं पोरी, ते झाड आहे, बदक नव्हे. बोट पेरभर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. ऊन दुपारपर्यंतच. शेंडा खुडत राहिलं की झाड भरतं. पण तुझ्या हाताला गुण आहे, असंही म्हणाल्या. रतिबाताईला लगेच पत्र टाकलं. जळू दे तिला.

९ नोव्हेंबर
आज खालांनी माझ्या डब्यातला पहिला शेंडा त्यांच्या साडेदहाच्या चहात घातला. एकटीलाच पुरेल एवढा, मला विचारलंही नाही, संध्याकाळी नुसतं सांगितलं. मी तेव्हा दुकानात होते. हातातून खोकल्याच्या औषधाची बाटली सुटली. मालक म्हणाले, लग्नाला आलेल्या मुलींचं असंच असतं. उजव्या करंगळीचं टोक मात्र अजून बधिर आहे.

२१ नोव्हेंबर
रोज साडेदहाला चहा. रोज साडेदहाला माझा हात जड होतो. तीन बोटं पार बधिर झाली. करंगळीचं नख आपोआप गळून पडलं आणि मी सवयीने डब्यात पुरलं. पुदिना असा माजलाय की येणारे-जाणारे वर बघतात. खालांच्या पांढऱ्या केसांत मुळाशी काळं दिसू लागलंय. रंग लावत नाही, म्हणतात.

२ डिसेंबर
दुकानातून काढलं. खालच्या मजल्यावरच्या उम्म रमझी जिन्याच्या खिडकीतून पावासाठी दोरीने टोपली सोडत होत्या, तेव्हा तिथेच पायरीवर बसून त्यांना झीनतचं विचारलं. तिला भावाने पाठीवर घालून नेलं. अजून आहे म्हणे, अंथरुणात. विदादही, सामियाही. हसून म्हणाल्या, मरत कुणी नाही गं, इन्साफच्या हाताला गुण आहे.
घरी येऊन माती उकरली. माझे केस मुळांना गुंडाळलेले, सुटत नाहीत. एक मूळ तुटलं आणि मी पोटरी धरून किंचाळले. डबा घेऊन पळावं, तर मुळं तळाच्या भोकांतून फरशीच्या फटीत उतरलीत. ती भोकं मीच पाडली.

५ डिसेंबर
खालांनी काही लपवलं नाही. दुसरीचे केस तुझ्या डब्यात घाल, म्हणाल्या, म्हणजे तू मोकळी. तुझी ती झाडं मारणारी ताई आहे ना? तार कर. मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्यांनी शांतपणे चहात आणखी दोन पानं टाकली.

११ डिसेंबर
तार केली.

१४ डिसेंबर
ताई आली. काकवीचा डबा, भाजलेलं बदक, माझ्यासाठी विणलेला स्वेटर. मला पाहून आधी रडली, मग ओरडली, मग हाताने भरवलं. मी म्हटलं, बस, तुझे केस विंचरते, लहानपणी तू माझे विंचरायचीस तसे. कंगव्यात मूठभर आले.
तिला काही सांगितलं नाही. पुरले.

१७ डिसेंबर
बोटांना मुंग्या आल्या. करंगळी हलली! ताईच्या हातून पेला पडला. ती धांदरट आहेच, पण मी खूण समजले. मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

२० डिसेंबर
बॅग भरली आणि खालांचा निरोप घ्यायला गेले. त्या हसत सुटल्या. मोकळी? कोण म्हणालं? गंमत केली गं! शुक्रवारी भाचीच्या साखरपुड्याची तीस माणसं चहाला यायची आहेत, म्हणून आठवडाभर तुझा डबा खुडला नाही, त्याने तुझी बोटं परत हलू लागली. म्हणाल्या, एका डब्यात दोघी सहज मावतात.

२१ डिसेंबर
ताईला सगळं सांगितलं. केसांचंही. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप पाहिला — कुरवाळलं — वेडी गं माझी —

२२ डिसेंबर, शुक्रवार, सकाळ
खालांनी दोन शेंडे खुडले, मी उठू नये म्हणून. पाय नाहीत. जीभ नाही. ताई भिंतीला टेकली, पायात गोळा आला म्हणाली, चोळून पुन्हा गॅलरीत —
पाहुणे दहाला. कात्री तिच्याच हातात. खाला शिकवतायत, बुडापासून काप, घाबरू नकोस, पुदिना परत फुटतो. ताई खूश — तिचा हात लागून पहिल्यांदा झाड मेलं नाही —
मी ओरडतेय. आवाज नाही. पेन तेवढं —
ताई तिथूनच हाक मारतेय. कौसर, बघ गं, आधी तुझाच डबा घेते, सगळ्यांत भर