पहिल्या गाठीच्या अलीकडे

अण्णा, फोटोतला तो हात तुम्ही कापला नव्हता. हे मला आज दुपारी समजलं, पुण्यात, जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात. नोकरी संपली, डोळे अजून शाबूत आहेत, एक कॅमेरा घ्यावा असं चाळीस वर्षांनी वाटलं. दुकानदाराला म्हटलं, लहान हवा, डोळा लावायला खिडकी हवी आणि सगळं हातानं लावता यायला हवं. हे तुमचे शब्द होते, ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. त्यानं दिलेला एक उचलला, उभा धरला आणि खिडकीतून त्याच्याकडे बघत पुढे सरकले. तो म्हणाला, "बाई, एवढ्या जवळून घेऊ नका. खिडकी बाजूला आहे, भिंग मध्ये आहे. जवळ गेलात की कडेचं राहून जातं." मला खरं वाटेना. त्यानं मागचं झाकण उघडलं, फिल्मच्या जागी बटरपेपरचा तुकडा बसवला, भिंग उघडं ठेवलं आणि समोर जाऊन कडेच्या कपाटावर हात टेकवून उभा राहिला. खिडकीत त्याचा सगळा पंजा होता. कागदावर त्याचं उलटं चित्र उमटलं होतं आणि त्यात हात मनगटाशी संपत होता. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि बाहेर आले. छत्री तिथंच राहिली.

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी चौदाची होते. जुन्या जालन्यात आपल्या स्टुडिओत तिपाईवरचा मोठा कॅमेरा होता, काळ्या कापडाचा. व्यापाऱ्यांच्या मुलींचे फोटो लग्नासाठी दूर मारवाडात, हैदराबादेत पाठवावे लागत, पण त्या मुली स्टुडिओत येत नसत आणि तुम्हाला त्यांच्या माडीवर जाता येत नसे. म्हणून तुम्ही मला शिकवायचं ठरवलंत आणि माझ्या हाताला येईल असा कॅमेरा बघायला आपण रेल्वेनं हैदराबादला गेलो. मला चकचकीत पेटीचा कॅमेरा आवडला होता. एक खटका दाबायचा, बस्स. तुम्ही तो बाजूला सारलात. "ह्यात आपल्याला करायला काईच न्हाई. चूक झाली तरी ती आपली न्हाई." मग एक लहान कॅमेरा कानाशी धरून तुम्ही खटक्याचा एकेक वेग ऐकलात, वैद्यानं छाती ऐकावी तसा. दुकानदार म्हणाला, "बिटिया के हाथ में बराबर बैठरा, साब." परतीच्या गाडीत तुम्ही सुतळीला ठरावीक फुटांवर तीन गाठी मारल्यात. एक टोक कॅमेऱ्याला धरायचं, सुतळी समोरच्याच्या गालापर्यंत ताणायची. जी गाठ येईल, तेवढे फूट भिंगावर लावायचे. "पहिल्या गाठीच्या अलीकडं जायचं न्हाई. बिलकुल न्हाई." का, ते तुम्ही सांगितलं नाहीत. चेहरा पुसट येतो म्हणून, असं मी धरून चालले.

त्या फोटोच्या दिवशी मी एकटी शेटजींच्या माडीवर जाते. तुम्ही खाली त्यांच्या दुकानात बसून आहात. जिना चढताना शेटजींचं बोलणं मला ऐकू येतं. "मास्टर, हाताचं जरा बघून घ्या." तुमचं उत्तरही ऐकू येतं. "बघतो." वर खिडकीपाशी शेटजींची मुलगी खुर्चीला धरून उभी आहे. सतरा वर्षांची. उजव्या हाताच्या चार बोटांवर पांढरं कोड. तिची काकू माझ्या हातातला कॅमेरा बघून हसते. "एवढासा? हा कॅमेरा हाय का तपकिरीची डबी?" काकू पानदान आणायला वळते तेवढ्यात ती माझ्या कानाशी येते. "हात बराबर आला पाह्यजे. लपवू नको. मंग त्यांनी न्हाई म्हटलं तरी चालंल. पण लग्न झाल्यावर न्हाई म्हणायला नको." मी म्हणते, येईल. ती हात खुर्चीच्या पाठीवर ठेवते, बोटं पसरून, मी सांगितलं तसा. मी सुतळी काढते. काकू परत आलेली असते. "अगंबाई, माप घेती? शिंपीण हाय का तू?" माडीवरच्या सगळ्या बाया हसतात. तीसुद्धा हसते. मी अंदाजानं भिंग फिरवते आणि बोटं मोठी दिसावीत म्हणून पुढे जाते, आणखी पुढे जाते. कॅमेऱ्याच्या खिडकीत चारही बोटं आहेत. मी खटका दाबते.

संध्याकाळी तुम्ही फोटो धुतलात. "चेहरा जरा पुसट आलाय. दोरी लावल्ती ना?" मी हो म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. फोटो मी बघितला नाही. त्या घरचा रिवाजच तसा होता, मुलीच्या फोटोची फिल्मसुद्धा स्टुडिओत राहू द्यायची नाही, म्हणून फिल्म आणि फोटो एकाच पाकिटात बंद होऊन गेले. तिलाही तो कुणी दाखवला नाही. लग्नात तिच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती. मेंदी उतरली तशी ती माघारी आली. येताना फोटो तिनं सोबत आणला होता. मी भेटायला गेले तेव्हा तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला. कडेला बांगड्या होत्या आणि त्यापुढे हात नव्हता. ती रडली नाही. "तू येईल म्हणाल्तीस," एवढंच म्हणाली. मला शेटजींचं बोलणं आठवलं. मी म्हणाले, "अण्णांनी कापला."

तिथून मी सरळ स्टुडिओत आले. तुम्ही रिळं पुसत होता. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेटजींच्या सांगण्यावरून तुम्ही एका मुलीचं आयुष्य कापलंत, हे वाक्य आठवतं. तुम्ही म्हणालात, "फिल्मवरच हात नव्हता." मी म्हणाले, "खोटं. मी खिडकीत बघितलाय." तुम्ही हातातलं रीळ खाली ठेवलंत. "तू दोरी लावलीस म्हणतीस ना. मंग माझ्याकडूनच झालं असंल."

ह्या वाक्याला मी कबुली समजले. आज दुपारपर्यंत समजत होते. त्याच वर्षी मी शाळेसाठी औरंगाबादला मामाकडे गेले, सुट्टीतही फारशी आले नाही. माझं ते "अण्णांनी कापला" गल्लीत फिरलं आणि माड्यांवरून तुम्हाला बोलावणी येईनाशी झाली. तुम्ही कुणालाच काही सांगितलं नाहीत. तुम्ही गेल्यावर कपाटात तो कॅमेरा सापडला, पिशवीत सुतळी नीट गुंडाळलेली. दोन्ही मी स्टुडिओच्या सामानात विकून टाकलं.

तीस वर्षं ज्या माणसानं खटके ऐकले, त्याला काय झालं असेल ते कळलं नसेल? की कळूनही तुम्ही माझ्या एका "हो"ला धरून राहिलात? मी संध्याकाळपासून ह्या दोन गोष्टींच्या मध्ये बसून आहे आणि मला कुठलीच सहन होत नाही.

ती अजून जालन्यात आहे. भावाच्या घरी, त्याच माडीवर. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र तिला लिहायचं होतं. पहिलं नाव तुमचं लिहिलं गेलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.

तुम्ही विचारलं होतंत. नाही, अण्णा. दोरी लावली नव्हती. बाया हसल्या म्हणून मी ती मुठीत धरली होती.