चुलीपर्यंतची पावलं

चोरखमारा
१२ डिसेंबर २०२४

कैलाशभाऊ,

आज भिंतींना चुना मारला, मग स्वयंपाकघर शेणानं सारवलं. उद्या सकाळी घर घेणारे बघायला येत आहेत. चुलीपासून सुरुवात करून मागे सरकत दाराशी आले आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच होती.

दुपारी उघडलं, तर ओल्या सारवणावर पावलं होती. दारातून चुलीकडे गेलेली, परतीची नव्हती. उजव्या पायाला करंगळी नव्हती. आईची धान कापताना विळ्यानं तुटली होती, तुम्हाला आठवत असेल.

शेजारच्या शामकलाकाकू दारातूनच म्हणाल्या, "महिना नाही झाला तिले जाऊन. घर कायले विकून राहिली वं?"

"भाऊनं ठरवलं."

"मंग भाऊलेच सारवाले लाव."

मला भीती वाटली नाही, भाऊ. बरं वाटलं. पण हे पत्र पोस्टात टाकणार नाही. हे वाचूनही विक्री तुम्ही थांबवणार नाही, आणि आई तर आतच आहे.

पुन्हा शेण कालवून सारवलं. चुलीपुढच्या दोन पावलांवर मात्र हात फिरेना. त्यांच्यावर पाट ठेवला आणि पडवीत बसून एकटीच जेवले.

तुमची बहीण,
चेतना