मक्यावरून उडायची परवानगी

ता. १४, सोमवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. जेवणखाण वेळेवर होतंय ना? बाबा गेल्यापासून मला घर खायला उठतं. पण मका काढणीला आलाय, रडत बसून कसं चालेल?

काल इन्स्पेक्टर आले होते. चहासुद्धा नको म्हणाले. "वडील तीन दिवस मक्यात हरवलेले, मुलगा ड्रोन चालवतो, मग वरून का नाही शोधलं?" म्हटलं, साहेब, कायदाच आहे ना, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय शेतावरून ड्रोन उडवायचा नाही. मालकीण मी. बाबा हरवले त्याच दिवशी कागद लिहून त्याच्या हातात दिला. त्यानं का उडवला नाही, देव जाणे.

आता डोक्यात राख घालून घेऊ नकोस. तू फाटकापाशी हात जोडून उभा होतास, ते गड्यांनी पाहिलंय. आभार मानत होता, असं मी सांगितलं. "ताई, अर्धा तास दे गं" असं काहीतरी तू ओरडलास म्हणे. कुणालाच नीट ऐकू आलं नाही. मी एकेकाला विचारून घेतलंय.

डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाबांच्यात धुगधुगी होती. तुला कळवलेलं बरं.

ते हद्दीच्या दगडापाशी सापडले. दगडाखालची माती उकरलेली, नखांत चिखल. बघ ना, आईचं नाव आठवत नव्हतं त्यांना, पण दगड मूळचा कुठे होता ते बरोबर आठवलं! म्हातारपणी माणूस काहीही करतो.

तूही गेल्या वर्षी वरून फोटो काढून म्हणालास, तुझ्या वाटणीच्या सहा ओळी माझ्याकडे सरकल्यात. सख्ख्या बहिणीला असं बोलवतं तरी कसं रे? तो फोटो अजून असेल तर पुसून टाक. तो बिनपरवानगीचा आहे. दाखवलास तर तुझंच लायसन जाईल, आणि घरात दोन लेकरं आहेत तुझ्या.

सोबत परवानगीचा कागद आहे. तारीख मी त्या दिवशीची घातली आहे. खाली "मिळाली" असं लिहून सही कर आणि उलट टपाली पाठव.

बापाला शोधायला तू ड्रोन उडवला नाहीस, हे मी चारचौघांत कधी काढणार नाही. मोठी आहे, पोटात घालीन.

आता तुला माझ्याशिवाय आहेच कोण?

तुझी,
ताई