पहिला बाक, हजर

तीर्थरूप धाकट्या बंधुराजांच्या सेवेशी थोरल्या बहिणीचा वाकून नमस्कार.

(तीर्थरूप मोठ्यांना लिहायचं असतं आणि वाकायचं लहानांनी, हे मला कळतं. पण आपल्या घरात मोठा कायम तूच होतास, मी नुसती आधी जन्मले होते. तेव्हा नमस्कार मुकाट्यानं ठेवून घे.)

इकडचं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समज. तुझी तब्येत कशी आहे? मान अवघडते म्हणाला होतास. मागे वळून बघितल्यामुळे ती अवघडली नसणार, एवढं मी डॉक्टर नसूनही सांगते. सौ.ना आशीर्वाद, मुलांना गोड पापा (मुलं आता दाढी करतात हे लिहिता लिहिता आठवलं, तर पापा राहू दे).

तुझा मेसेज मिळाला. त्या संस्थेचे फोटोही पाहिले. बाग छान आहे, बागेतली म्हातारी माणसं एका अंतरावर मांडून ठेवल्यासारखी छान बसली आहेत. बाबांना पुढच्या महिन्यात तिकडे हलवायला माझी हरकत आहे का, हो किंवा नाही एवढंच कळव, असं तू म्हणतोस. एवढंच कळवायला मला हे पत्र लिहावं लागतंय, कारण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्राला मीटिंग नसते. टेबलावर पडून राहील, पण मध्येच 'नंतर करतो' म्हणणार नाही.

तर ऐक. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबांचा उजवा हात गेला, नजर आधीच गेली होती, आणि मधली तीसेक वर्षं कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. सकाळी ते बरे असतात, म्हणजे नुसते चिडचिड करतात. दुपारचा चहा झाला की ते कॉलेजात जातात. खाटेवरून हलत नाहीत, पण जातात. आपली बाहेरची खोली म्हणजे वर्ग, कपड्यांचं कपाट म्हणजे फळा, आणि विषय तोच, जन्मभर शिकवला तो. ती जुनी शोकांतिका. तो जुना नाटककार, ज्याच्याबद्दल बाबा सख्ख्या चुलत्यासारखं बोलतात (त्याची बायको कशी होती, त्याला म्हातारपणी मुलांनी कसं विचारलं नाही, हे दुसरं सांगताना आवाज जरा चढतो). वर्गात विद्यार्थी हवेत, म्हणून जो हाताशी सापडेल तो विद्यार्थी. दिवसभर बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशी आहेत, त्यांना शोकांतिकेची व्याख्या पाठ झाली आहे आणि त्या ती भांडी घासताना म्हणतात. व्यायाम करवायला एक गृहस्थ येतात. हात वर करा, असं ते बाबांना सांगतात, तर बाबा म्हणतात, प्रश्न मी विचारतो, हात तुम्ही वर करा. ते बिचारे करतात. बाबांचा हात आहे तिथेच आहे, पण त्या गृहस्थांचा खांदा अगदी मोकळा झाला आहे.

आणि मी. माझं पडद्यांचं दुकान दुपारी चारला बंद होतं ते याचमुळे. लग्नसराईत, घरं बदलायच्या दिवसांत, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी शटर ओढून मी नाटक शिकायला येते. गिऱ्हाईक विचारतं, ताई, पडदे कधी मिळतील, आणि मी सांगते, तिसरा अंक झाला की.

बाबांना विद्यार्थ्यांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत हे तुला माहीत आहे. बसायच्या जागेवरून हाक मारायचे. कोणी खिडकी, कोणी खांब, कोणी पंख्याखालचा. तू पहिला बाक. मी कुठे बसायचे? मी बसतच नव्हते. तू त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर होतास तेव्हा मी शिवणाच्या क्लासला चुण्या घालायला शिकत होते, कारण दोघांची फी एकदम झेपणार नाही असं ठरलं होतं (कोणी ठरवलं ते विचारू नकोस, तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं). त्यामुळे आता मला जागा नाही. बाबा मला 'नवी मुलगी' म्हणतात. रोज. डोक्याचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला, आणि मी रोज दुपारी नव्यानं प्रवेश घेते.

तर वर्गाची सुरुवात हजेरीनं. आणि हजेरीत पहिला पुकारा तुझा. पहिला बाक? सुरुवातीला मी समजावलं, बाबा, तो तिकडे असतो, त्याला नोकरी आहे. बाबांनी पुस्तक मिटलं (उलटंच धरलं होतं, पण मिटलं). पहिला बाक आल्याशिवाय तास होणार नाही. आणि तास झाल्याशिवाय जेवण नाही, कारण रिकाम्या वर्गातून उठून जेवायला जाणं म्हणे मास्तराला शोभत नाही. एक दिवस झाला, दुसरा झाला, सकाळीही तोंड उघडेनात. पाणीसुद्धा चमच्यानं, तेही थुंकून टाकत. डॉक्टर म्हणाले, नळीनं भरवावं लागेल. तुला फोन केला, तू म्हणालास, त्यांच्याशी प्रेमानं बोल.

मग मी प्रेमानं बोलले. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये मी शिवलेला पडदा आहे ना, रंग पसंत नाही म्हणून गिऱ्हाइकानं परत केलेला, आतून अस्तर लावलेला जाड? त्याच्यामागे जाऊन उभी राहिले, घसा खाकरला आणि तुझ्या आवाजात म्हणाले, "हजर, सर." फटीतून बघितलं, बाबांचा चेहरा असा उजळला की मला दोन मिनिटं पडद्यामागेच थांबावं लागलं. त्या दिवशी ते सगळं ताट जेवले. तेव्हापासून रोज मी आधी आत जाऊन तू होते आणि मग बाहेर येऊन नवी मुलगी होते. तुझी हजेरी इथे शंभर टक्के आहे. माझ्या घशाला मात्र डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.

आता इतके दिवस शिकतेय म्हटल्यावर चार संज्ञा मलाही येऊ लागल्या, त्या तुझ्या माहितीसाठी लिहिते, तू विसरला असशील. विपर्यय म्हणजे ज्या कृतीतून भलं व्हायचं तिच्यातूनच वाट लागणं. उदाहरणार्थ, आपल्या मोरीचा नळ ठिबकत होता म्हणून प्लंबर बोलावला, बाबांनी त्याला उशिरा आलेला विद्यार्थी समजून वर्गात घेतलं, आणि तो वर्गात असताना आत पाण्याचा जोर वाढून उघडा पाइप सुटला. नाट्यगत उपरोध म्हणजे प्रेक्षकांना जे कळतं ते पात्राला कळत नाही (प्लंबर शोकांत नायकाची लक्षणं सांगत होता आणि मावशी मागून त्याला खुणा करत होत्या). वृंद म्हणजे नाटकात काडीचं काम न करता बाजूला उभं राहून हळहळणारी आणि सल्ले देणारी माणसं. खालच्या मजल्यावरचं निवृत्त जोडपं आपला वृंद आहे. तुम्ही फार करता हो, असं ते जिन्यात म्हणतात आणि बाजूला होऊन मला पिशव्या वर न्यायला वाट देतात. तुझंही नाव मी त्यातच घातलं होतं. आणि निरोप्या. जुन्या नाटकात जे खरं घडायचं ते प्रेक्षकांसमोर घडत नाही, मागे घडतं, आणि मग निरोप्या धापा टाकत येऊन सांगतो. बाबा म्हणतात, निरोप्या आल्याशिवाय नाटक संपवता येत नाही.

नाटकाची गोष्ट तुला आठवते का? शहराला वेढा पडलेला. राजानं मुलाला मदत आणायला बाहेर पाठवलंय आणि तो स्वतः तटावर उभा राहून वाटेकडे डोळे लावून बसलाय. आत त्याची मुलगी पाणी पुरवते, जखमी बघते, तटाला माती लावते. पूर्ण नाटकात तिला चार वाक्यं. शेवटच्या रात्री ती दिवा घेऊन वर येते, तर राजा म्हणतो, दूर हो, उजेड माझ्या डोळ्यांवर येतो, मला वाट दिसत नाही. ती दिवा विझवते. अंधारात पावलं वाजतात, राजाला वाटतं मुलगा आला, तो आपल्या हातानं दरवाजा उघडतो, आणि शत्रू आत येतो. हा दिव्याचा प्रवेश बाबा शिकवत नाहीत. तो परीक्षेला येत नाही. तुझ्या वेळेलाही त्यांनी तो गाळला होता, मला पक्कं आठवतं, कारण तू रात्री मोठ्यानं वाचायचास, तो वाचून 'हा बाबांनी गाळलाय' म्हणायचास आणि मी पलीकडे तुझे शर्ट शिवायचे.

तर गेल्या पावसाळ्यात (म्हणजे बरेच दिवस झाले) बाबांनी वर्गाला विचारलं, राजाचा प्रमाद कोणता? त्याच्या हातून घडलेली ती एक चूक, जिच्यामुळे सगळं कोसळतं? उत्तर त्यांच्या वहीतलं ठरलेलं आहे, अतिविश्वास, आणि ते मला येत होतं. मावशींनाही येतं. पण त्या दिवशी दुकानात एका बाईनं दारासकट सगळी मापं चुकीची देऊन माझ्याशी भांडण काढलं होतं, गॅस संपला होता, आणि तू तुझ्या सुट्टीचे समुद्रावरचे फोटो पाठवले होतेस. माझ्या तोंडून गेलं, "तो जन्मभर दरवाजाकडे बघत राहिला, सर. घरात कोण आहे ते त्यानं बघितलं नाही."

बाबा म्हणाले, चूक. उभी राहा.

त्यांचा नियम तुला ठाऊक आहे, चुकीचं उत्तर देणाऱ्यानं सर 'बस' म्हणेपर्यंत उभं राहायचं. सर 'बस' म्हणायला विसरले. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं जाईल, माझं नाव पुसलं गेलं तर हे काय मोठं. पण काय डोकं असतं बघ माणसाचं. आई गेली हे लक्षात नाही, स्वतःचं वय लक्षात नाही, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी संपताच विचारतात, नवी मुलगी उभी आहे ना? तेव्हापासून मी सगळे तास उभ्यानं केले. पाय सुजले की मावशी गरम पाणी देतात. बसून, नुसतं तोंडानं 'उभी आहे' म्हणायचं, असं मावशींनी सुचवलं, बाबांना कुठे दिसतंय. मी तसं करूनही बघितलं. पण आवाज खालून आला की त्यांना कळतं. मास्तर तो मास्तरच. त्यामुळे मी आता उभ्यानंच पडद्यांच्या खालच्या पट्ट्या दुमडते आणि टाचण्या लावते, तेवढंच काम होतं.

हे सगळं लिहायचं कारण, माझी दमछाक झाली आहे. मी चांगली मुलगी वगैरे नाही. मला राग येतो. बाबांचा येतो, तुझा येतो, त्या मेलेल्या नाटककाराचाही येतो. रोज आत जाऊन तुझ्या नावानं हजर म्हणायचं आणि तुझ्या वाटणीचं कौतुक पडद्यामागे उभं राहून ऐकायचं (शाबास, पहिला बाक, तुझ्याकडून हीच अपेक्षा होती), याला किती मोठं काळीज लागतं ते तुला कळणार नाही. एवढं मोठं मला दिलेलं नाही. तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. माझी हरकत नाही. घेऊन जा. कपड्यांची बॅग मी भरून ठेवते.

कळावे. लोभ मागून मिळत नाही हे आता पटलं आहे, म्हणून मागत नाही.

तुझी,
ताई (उर्फ नवी मुलगी)

ता. क. संस्थेतल्या लोकांना सांगून ठेव की दुपारी चहानंतर हजेरी होते. तिथे कोणीतरी तुझ्या नावानं हजर म्हणणारं लागेल. आवाज जरा घोगरा हवा. पडदा लागेल तर मी शिवून देते.

आणखी ता. क. बॅग मी तीन वेळा भरली आणि तीन वेळा उपसली. मावशी म्हणाल्या, ताई, भरायची नसेल तर भरू नका, मला सारख्या घड्या घालाव्या लागतात.

शेवटचा ता. क. मघाशी वर लिहायचं टाळलं ते लिहिते. गेल्या आठवड्यात तास सुटल्यावर बाबा म्हणाले, बाकीच्यांनी जा, पहिला बाक, थांब. मी पडद्यामागे गेले आणि तुझ्या आवाजात म्हणाले, थांबलोय सर. खाट करकरली. मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणाले, "त्या नव्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. दिव्याचा प्रवेश मी कधी शिकवलाच नाही रे. मला तिच्या तोंडावर सांगवत नाही. तू सांग तिला. बस म्हणावं." मी पडद्याचं अस्तर तोंडात धरून उभी होते. बाहेर येऊन काय म्हणणार? त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. तुला सांगितलं होतं. मग त्यांनी जेवायला मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर विचारलं, पहिल्या बाकानं सांगितलं का तुला? मी म्हटलं, नाही सर, अजून नाही.

तर निरोप तुझ्यापाशी आहे. संस्थेचं आपण नंतर बघू. तू एकदा दुपारी चहाच्या वेळेला ये, पडद्याच्या पुढे उभा राहून तुझ्या स्वतःच्या तोंडानं हजर म्हण, आणि मला बस म्हणून सांग. तोवर मी उभीच आहे.