बोटीवरच्या पिझ्झ्याविषयी व्याहीबुवांस

आदरणीय व्याहीबुवा,

कमरेतून जमेल तेवढं वाकून नमस्कार. (साष्टांग घालायला हरकत नव्हती, पण मग उठवायला माणूस लागतो.)

आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कानावर आलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसत असेल, तेव्हा आपण जरा जपून राहावं. इकडे हिची शुगर वर आहे, माझं ब्लडप्रेशर वर आहे, बाकी घरात वर म्हणावं असं काही उरलेलं नाही. आपण दोघं शेवटचं बोललो ते आमच्या पिझ्झ्याच्या दुकानाला कुलूप लावलं त्या दिवशी, फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. त्या वेळी आपण मला जे जे बोललात ते मी केव्हाच विसरून गेलो आहे. (शब्द न् शब्द पाठ आहे, पण विसरून गेलो आहे.) "माझी मुलगी परत द्या," असं आपण म्हणालात, जणू शेजारून आणलेलं पातेलं. मी म्हणालो, तिलाच विचारा. ती ना आपल्याकडे आली, ना आमच्याकडे राहिली. बोटीवर पिझ्झे भाजायची नोकरी धरून समुद्रावर निघून गेली. तेव्हापासून आपण समजता की मी तिला धाडली आणि मी समजतो की आपल्या बोलण्याला कंटाळून ती गेली. व्याह्याव्याह्यांनी एकमेकांविषयी एवढा गैरसमज ठेवायचाच असतो, त्याशिवाय नात्याला शोभा नाही.

तर मुद्दा पिझ्झ्याचा. बोटीवरच्या माणसांना आपल्या आईवडिलांना एकदा सफरीला बोलावता येतं. तिनं आधी आपल्याला विचारलं होतं. "तरंगत्या लॉजमध्ये मी पाय ठेवणार नाही," असं आपण कळवलंत, म्हणून ते आमंत्रण आमच्याकडे आलं. म्हणजे आम्ही आपल्या जागेवर जाऊन आलो. म्हणून तिकडे काय पाहिलं ते आपल्याला कळवणं मला भाग आहे. (पत्र लिहायला हे एकच कारण आहे असं समजून पुढे वाचावं.)

आमची खोली बोटीच्या पोटात होती. तिला खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी समुद्राचं मोठं चित्र होतं आणि चित्राला खरा पडदा होता. ही रोज सकाळी तो पडदा सारायची आणि "आज पाणी शांत आहे" म्हणायची. एकदा त्या चित्राकडे बघता बघताच तिला मळमळलं. पलंगाखाली माझी बॅग ठेवली की माझे पाय मावत नसत आणि पाय ठेवले की बॅग दारातून बाहेर डोकावायची. जेवणाचा दिवाणखाना मात्र एखाद्या मंत्र्याच्या मुलीचं लग्न असावं तसा. काट्यांची एक फौज डावीकडे, सुऱ्यांची उजवीकडे, आणि मध्ये आम्ही दोघं शरण आल्यासारखे बसलेलो.

सूनबाईंचा काउंटर सगळ्यात वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाशेजारी. समोर ओल्या, उघड्यावाघड्या माणसांची रांग. (त्या रांगेत पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला मी एकटाच, त्यामुळे लोक मलाच वळून बघायचे.) काचेच्या मागे पांढऱ्या टोपीत आपली मुलगी. बारीक झाली आहे, पण हात तोच, झपझप चालणारा. पहिल्या दिवशी तिनं स्वतः माझ्या हातात ताटली दिली, आणि व्याहीबुवा, मी वजनमापे निरीक्षक म्हणून जन्म काढलेला माणूस, खोट्या मापाला कधी खरं म्हटलं नाही. पण त्या दिवशी तो पिझ्झा खाऊन मी "वा!" म्हणालो.

तो पिझ्झा कसा होता ते सांगतो. उचलला की मान टाकायचा. तळ ओल्या वर्तमानपत्रासारखा, काठ वहाणेच्या टाचेसारखा. वरचं चीज गरम असताना लोंबायचं आणि गार झालं की सगळं मिळून एकच झाकण व्हायचं, ते नखानं उचलता यायचं. टोमॅटोच्या सॉसला रंग होता, आंबटपणा होता, फक्त टोमॅटोशी ओळख नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो. तिथे नाचणारी चांगली होती, अंगणच खरोखर वाकडं होतं. बोटीवर उघडा जाळ चालत नाही, सगळं विजेच्या ओव्हनवर. मैद्याचे गोळे बंदरातून बर्फात गोठून येतात. रांग थांबता कामा नये म्हणून अर्धवट भाजलं की काढायचं. मी तिला हळूच विचारलं, तर म्हणाली, "बाबा, इथे कुणाला पिझ्झा नको असतो. पाण्यातून बाहेर आल्यावर हातात काहीतरी गरम हवं असतं, एवढंच."

आपल्याला आमच्या दुकानातला पिझ्झा आठवत असेल. आमच्या मुलानं ती विटांची भट्टी स्वतः बांधली होती, तीनदा पाडून. तो पीठ मळायचा, ती भाजायची, मी गल्ल्यावर. रोजचा पहिला पिझ्झा तपासणीसाठी माझा, हा माझा हक्क होता. काठाला काळे फोड यायचे आणि दातांखाली ते फुटताना बारीक आवाज व्हायचा. सकाळी मैद्याची पोती आणायला म्हणून तो बाहेर पडला आणि रस्त्यावर जे झालं ते आपल्याला ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही. त्या दिवशी भट्टी पेटवून ठेवली होती. ती विझवायची कुणाला आठवण राहिली नाही. आपोआप निवली.

तेव्हा बोटीवरचा तो लोळागोळा खाताना मला काय वाटलं असेल ते आपण समजू शकता. तिला सांगवेना, न सांगता राहवेना. मग मी ऐकणारा शोधला. काउंटरच्या मागच्या जिन्यावर निळ्या डगल्यातला एक माणूस रोज पिझ्झा खात बसायचा. बोटीवरचा वायरमन. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, आणि इतकं सावकाश बोलणारा की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवायचा. अशा माणसाला ऐकवण्यात सुख असतं. मी त्याला पिझ्झ्याचे सगळे दोष सांगितले. तळ का कच्चा राहतो, वरची आच आणि खालची आच यांत काय फरक हवा, सगळं. (मला यातलं स्वतःला काही येत नाही, पण गल्ल्यावर बसून कानावर पडलेलं होतं.) त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओव्हन माझ्याकडेच असतो. खालची कॉइल... बघतो."

दुसऱ्या दिवशी तळ थोडा भाजलेला! तिसऱ्या दिवशी काठ जळला. मी तक्रार केली, त्यानं दुरुस्ती केली. असं आमचं चालू झालं. आपण एकट्यानं बोट सुधारतो आहोत अशा थाटात मी डेकवर फिरू लागलो. बोलता बोलता मी त्याला आमच्या मुलाविषयीही सांगितलं. व्याहीबुवा, घरात आम्ही दोघं त्याचं नाव काढत नाही. एकानं काढलं की दुसरा उठून आत जातो. त्या जिन्यावर मात्र मी पोटभर बोललो. त्याचा हट्टीपणा, तीनदा पाडलेली भट्टी, त्याचं भसाड्या आवाजातलं गाणं. वायरमन मान हलवत ऐकत होता. मग त्याच्या त्या सावकाश चालीत म्हणाला, "आणि काठाला... फोड यायचे ना? काळे. ती सांगते."

मी ताटली खाली ठेवली. ती सांगते! व्याहीबुवा, बरोबर काम करणाऱ्या बाईला माणूस 'त्या' म्हणतो. 'त्या'ची 'ती' व्हायला मध्ये बरंच काही घडावं लागतं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला आणि हातातला तुकडा निसटून त्याच्याच गुडघ्यावर पडला.

मी तडक खाली खोलीत गेलो. (तडक म्हणजे दोनदा चुकीच्या मजल्यावर उतरून, एकदा दुसऱ्यांच्याच खोलीचं दार ठोठावून.) ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हाला आज कळलं?"

हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सूनबाई सगळ्यांना कच्चा तुकडा द्यायची आणि त्याच्यासाठी कोपऱ्यात भाजलेला काढून ठेवायची, हे हिनं रांगेत उभं राहून बघितलं होतं. मी ओरडलो, "आणि आपला? आपल्या मुलाला विसरली ती?" हिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ही आमच्या मुलाविषयी बोलली, आणि उठून कुठे गेली नाही. म्हणाली, "आपला गेला हो. ती आहे ना? तिला किती दिवस आपल्या दुःखाच्या राखणीला बसवायचं?" मग त्या चित्राचा पडदा ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी बॅगेवर बसलो. खोलीत दुसरी जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो नाही. पोट बिघडल्याचा निरोप धाडला. दुपारच्या सुट्टीत सूनबाई स्वतः खाली आल्या. कोपराला पीठ लागलेलं, टोपी हातात. पलंगाच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ टोपीची शिवण उसवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा, मी तुम्हाला विचारणारच होते. पण वाटलं, विचारलं तर तुम्ही हो म्हणाल आणि भुवया वर कराल."

आता हे आपल्याला ठाऊक नसेल. मी खोटं बोलताना माझ्या भुवया वर जातात. नोकरीत कधी खोटं बोलण्याची वेळ आली नाही, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशीचा माझा 'वा!' तिनं तिथेच ओळखला होता म्हणे. काय करणार? मी एका हातानं कपाळ गच्च झाकून घेतलं आणि म्हणालो, "कर. चांगला आहे मुलगा. ऐकून घेतो." हात खाली घेतला नाही, कारण तोपर्यंत भुवयांच्या खालीही झाकण्यासारखं बरंच झालं होतं. ही आणि सूनबाई, दोघी रडल्या. मी कपाळ धरून बसलो. बाहेर लाउडस्पीकरवर कुठल्याशा नाचाच्या स्पर्धेचं बोलावणं चाललं होतं.

शेवटच्या दिवशी तिनं रांग बंद झाल्यावर माझ्यासाठी वेगळा पिझ्झा केला. पीठ स्वतः मळलेलं, आदल्या दिवसापासून फुगायला ठेवलेलं. वायरमन ओव्हनपाशी उभा, एखाद्या आजाऱ्याची नाडी धरावी तसा हात लावून. आपल्याला वाटेल, आता मी लिहीन की काठाला फोड आले. नाही आले. ओव्हन तो ओव्हनच. पिझ्झा बरा होता, दुकानासारखा नव्हता, आणि तसा आता कुठेच मिळणार नाही हे मला तो खाताना नीट कळलं. सगळा खाल्ला. तिनं "कसा?" विचारलं, मी "दुकानासारखा नाही," म्हणालो. ती म्हणाली, "नाहीच होणार, बाबा," आणि ताटली उचलून घेतली.

असो. बोटीवरच्या पिझ्झ्याची हकीकत ही अशी. आम्ही घरी सुखरूप आहोत, फक्त जमीन अजून हलते. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ नव्यानं सुरू करावा, ही विनंती.

आपला,
व्याही

ता. क. – पत्राचं कारण पिझ्झा नाही, हे आपल्या ध्यानात आलं असेलच. सूनबाईंना आपल्याला सांगायचा धीर होत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मुलगा पुढच्या सुट्टीत आपल्याकडे येईल. त्याला पंख्याची वायर दाखवू नका, तो दिवसभर तिथेच बसेल. आणि प्रश्न विचारलात तर उत्तर यायला वेळ लागतो, मध्येच रागावू नका. लग्न आमच्या घरून करायचं हिच्या मनात आहे, पण मी तिला म्हटलं, मुलीचा बाप हयात असताना आपण कोण? तरी एक गोष्ट बघा, या खेपेला आपण दोघंही मुलीकडचे. भांडायला समोर कुणी नाही. चुकल्याचुकल्यासारखं होईल, पण निभावून नेऊ.

आणखी एक ता. क. – हे विहीणबाईंना वाचून दाखवू नये. मुलगी दुसऱ्या घरी गेली की आम्ही तिचे कोण, याला मला शब्द सापडत नाही. हिलाही सापडला नाही. आपल्याला ती अप्पा म्हणते, म्हणजे आपल्या वाट्याचं मी काही मागत नाही. आपण बाप आहात, आपलं ती ऐकते. सहज बोलता बोलता तिला एवढं सांगाल का, की मला बाबा म्हणायचं सोडू नकोस? मी सांगितलं असं मात्र सांगू नका. त्या मुलाच्या वडिलांना ती काय म्हणणार, याचीही मी आडून चौकशी केली. ते हयात नाहीत. ऐकून फार वाईट वाटलं. (थोडं बरंही वाटलं. देव मला क्षमा करो.)