पाळी कुणाची?

सोमवार, ४
दुरुस्ती. परवा 'आईने माझ्यावर कप फेकला' असं लिहिलं. कप बेसिनमध्ये पडला. मी दारात होते. खोटं लिहू नये, हे आईनेच मला अक्षरं गिरवायला लावताना शिकवलंय. मात्र रागाने बघितलं ते माझ्याकडेच. वहिनीकडे नाही.

मंगळवार, ५
मला वहिनीचा हेवा वाटत नाही. फक्त नोंद: आई आणि ती स्वयंपाकघरात दार लोटून पाऊण तास. (चाळीस मिनिटं.) मी पाणी प्यायला तीनदा गेले. तिन्ही वेळा गप्प.

बुधवार, ६. सकाळी ८.१०
दाराबाहेर चप्पल शोधताना ऐकलं. आई वहिनीला म्हणाली, माझी पाळी आता संपलीच म्हण. आणि रडली.
फ्रिजवर तक्ता आहे: भांडी, केर, बाजार, कुणाची पाळी कधी. मीच केलाय. म्हणजे आई अख्खं घर वहिनीच्या हाती देतेय! गेल्या वर्षी आलेल्या सुनेच्या!

दुपार
नवा तक्ता. आईच्या सगळ्या पाळ्या माझ्या नावावर. वहिनीला एकही नाही.

शुक्रवार, ८
भांडी, केर, बाजार, पुन्हा भांडी. कंबर मोडली. आई दिवसभर पडून. पंखा फुल, शाल घे, शाल काढ. मी विचारलं, वहिनी माझ्यापेक्षा जवळची का? म्हणाली, डोकं उठवू नकोस. मग रडली. मग हाक मारली. तिला!

रविवार, १०
वहिनीला जाब विचारला: आईची पाळी तू का घेतेस? ती बघतच राहिली. मग ओढणी तोंडात कोंबून हसली. म्हणाली, अहो वन्सं, ती पाळी नव्हे! (मला वन्सं म्हणते ती फक्त टोमण्यापुरतं.)
मग हसू गेलं. आईंची महिन्याची पाळी जायला आलीय, म्हणाली. हार्मोन खाली-वर होतात. घाम, झोप नाही, त्यात मनही खचतं. सकाळी उठावंसंच वाटत नाही त्यांना. परवा म्हणाल्या, जगून काय करायचं. मी डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट घेतलीय.
मग मला का नाही सांगितलं?
तुम्ही लिहून ठेवता म्हणून.
दुरुस्ती, तारीख ५ ची: हेवा वाटतो.

सोमवार, ११
आईला म्हटलं, मीही येते. मग म्हणाली, ये. पण आत ती येईल, तू बाहेर बस. आणि वही आणू नकोस.
अपॉइंटमेंट गुरुवारी, १४ तारखेला. संध्याकाळी साडेचार. मी बाहेर बसणार.
आईची पर्स मात्र मी धरणार.