नळ्या बांधायच्या की नाही

४ मार्च

समिती! पोट भाचीचं, आणि ते उघडल्यावर आत काय करायचं ते ठरवणार समिती!

डॉक्टरीणबाईंनी आज मला आणि जावयाला, भाचीच्या नवऱ्याला, बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. दोन सिझेरियन आधीच झालीत, पिशवीवरचा जुना टाका कागदासारखा पातळ झालाय. हे तिसरं बाळ निघेल सुखरूप. पण पुन्हा दिवस गेले तर आई वाचेल याची खात्री नाही. पोट उघडलेलं असेल तेव्हाच नळ्या बांधून टाकाव्यात, फार वेळ लागत नाही. पण हॉस्पिटल धर्मसंस्थेचं. मूल कायमचं थांबवणं म्हणजे पाप, म्हणून समितीची परवानगी हवी. ती मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं — खाली बघत. दुसरं हॉस्पिटल लांब, आणि वार खाली आहे, कधीही रक्त जायला लागेल, प्रवास नको म्हणतात.

याच थिएटरात सिस्टर म्हणून माझा जन्म गेला. जुने सर्जन पोट शिवता शिवता नळ्याही बांधायचे, मी दोरा पुढे करायची, आणि आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. ग्रंथ तेव्हाही हाच होता. तेव्हाचे फादर म्हणायचे, देवाला मेलेल्या आया नकोत. आता फादर नवे, अर्थ नवा.

५ मार्च

जावई म्हणाला, "मावशी, मला ती हवीय. आणखी मुलं नकोत." म्हटलं, हेच फादरांसमोर बोल. तर लगेच घसा बसला. गरीब गाय!

भाची वॉर्डात पडून आहे. तिला इतक्यात काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. माझी बहीण गेल्यापासून तिला आई म्हणून मीच. उगाच जिवाला घोर कशाला?

९ मार्च

फादरांकडे गेले. खुर्ची दिली, चहा दिला, कान तेवढा दिला नाही. बाईचं शरीर हे देवाचं घर, म्हणाले. मी म्हटलं, असेल, पण छप्पर कोसळतं तेव्हा आत बाई असते. ते हसले. लहान मुलीला हसतात तसं. मी सत्तरीची!

१० मार्च

समितीत एक बाई आहे — मेणबत्ती. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसायची. सरळ, पांढरी, दुसऱ्याने पेटवल्याशिवाय उजेड न पाडणारी, म्हणून हे नाव. तिच्या घरी गेले तर दारातच म्हणाली, काय मागायला आलीस ते ठाऊक आहे. मग प्रवचन. बाईच्या वाट्याचे कष्ट देवानेच दिलेत, ते चुकवायचे नसतात. मी विचारलं, मग गुडघा कशाला बदलून घेतलास? लंगडली असतीस भक्तिभावाने.

मी निघताना तिने माझा हात धरला. "माझी सून अशीच गेली. तिसऱ्या खेपेला. बाहेर सांगितलं, ताप होता."

जिन्यातच बसले जरा वेळ.

१३ मार्च

देवावर राग नाही माझा. त्याच्या दुभाष्यांवर आहे.

१७ मार्च

मिळाली! मेणबत्ती समितीपुढे उभी राहिली आणि सुनेचं सगळं सांगितलं म्हणे. मग "या एका बाबतीत" असं म्हणून फादरांनी मान डोलावली. जावई फोनवर रडला, मीही. आता फक्त भाचीला सांगायचं आणि तिची सही घ्यायची.

१८ मार्च

भाचीने सही केली नाही.

"पाप करून वाचले, तर देवाला कुठलं तोंड दाखवू, मावशी?" आवाजात भीती नव्हती, हट्टही नव्हता. मग तिने माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली — देवाने मला क्षमा करावी म्हणून.